दर सोमवारी एक लिटर

मागच्या महिन्यातली गोष्ट. शाळा सुटली होती. हजेरीपट कपाटात ठेवून मी बाहेर आले, तर सायकली लावायच्या जागेवर पाच-सहा जणांचा घोळका. जवळ जाऊन पाहिलं. पाचवीतला एक मुलगा सायकलच्या कॅरिअरवर सुतळीने विटा बांधत होता. (त्याचं नाव मी सांगणार नाही, कारण तो हा अंक नेमाने वाचतो!) एक नाही, दोन नाही, चांगल्या चार विटा. म्हणजे बारा किलोच्या आसपास ओझं.

"हे काय चाललंय रे?" मी विचारलं.

बाकीचे पसार झाले. तो मात्र उभा राहिला. मान खाली घालून म्हणाला, "बाई, पाय मजबूत करायचेत. खो-खोच्या संघात मला घेत नाहीत. काडी म्हणतात मला."

आता तुम्हाला वाटेल, बाईंनी त्याला चांगलं फैलावर घेतलं असेल. छे! मला रागावताच येईना. कारण तो आणि मी एकाच माळेचे मणी. हाच वेडेपणा मी त्याच्याहून दोनच वर्षांनी मोठी असताना केला होता. त्याच्या कॅरिअरवर विटा होत्या, माझ्या कॅरिअरला दूध होतं. बस्स, एवढाच काय तो फरक.

ती गोष्ट मी त्याला सांगितली. तुम्हालाही सांगते. आईबाबांनाही वाचायला द्या बरं का, कारण यात थोडं त्यांच्यासाठीही आहे.

१९९९ साल. मी सातवी पास झाले होते. आमचं गाव सातारा जिल्ह्यात, वाईच्या पश्चिमेला, धोम धरणाच्या बाजूला. गावातली शाळा सातवीपर्यंत. आठवीला जायचं तर वाईला, सात किलोमीटर. मध्ये एक खिंड. खिंडीचा चढ तसा फार मोठा नाही, पसरणीच्या घाटाशी तुलना केली तर अगदीच पिल्लू. पण सायकलवर बसल्यावर ते पिल्लूही गुरगुरायचं!

आमच्या घरी दोन म्हशी. अण्णा, म्हणजे माझे वडील, रोज पहाटे कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना दहा-दहा लिटरच्या दोन किटल्या अडकवून वाईला रतीब घालायला जायचे. सोळा घरांचा रतीब होता. घर त्याच्यावर चालायचं. शेती होती, पण ती पावसाच्या भरवशाची.

मे महिन्यात अण्णा कडब्याच्या गंजीवरून पडले. कमरेला जबर मार बसला. डॉक्टरांनी सांगितलं, "चार महिने सायकलला हात लावायचा नाही. वजन तर मुळीच उचलायचं नाही."

मे अखेरपर्यंत चुलत्यांनी रतीब सांभाळला. पण पुढे पेरणीचे दिवस आले. एका संध्याकाळी काका ओट्यावर बसून म्हणाले, "दादा, माझ्यानं आता व्हायचं न्हाई. दूध गावातल्या डेअरीला घाल. भाव कमी मिळंल, पण इलाज न्हाई. आन पोरीची शाळा यंदा राहू दे. वहिनीला हाताखाली कुणीतरी लागंल. पुढच्या वर्षाचं पुढच्या वर्षी बघू."

'पुढच्या वर्षी बघू' म्हणजे काय, ते मला चांगलं ठाऊक होतं. गावातल्या ज्या ज्या मुलीची शाळा एका वर्षासाठी थांबली, तिचं पुढचं वर्ष कधी आलंच नाही. आमच्या वर्गात आम्ही अकरा मुली होतो. त्यातल्या सात जणींच्या घरी आधीच ठरलं होतं, सातवी पुरे. उरल्या चौघी. त्यात मला राहायचं होतं.

मी तिथल्या तिथे बोलून गेले, "मी नेते रतीब. दूध घालीन आणि तशीच शाळेत जाईन."

काका हसले. आई गप्प राहिली. अण्णांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. मी उंचीला बरी होते, पण अंगाने कशी? पस्तीस किलो! वारं आलं तर दप्तर धरून उभं राहावं लागेल अशी. अण्णा म्हणाले, "बाय, उचलंल तेवढंच न्यायचं. जमंल तेवढंच."

पण मला ते ऐकायचंच नव्हतं. दोन किटल्या नेल्या तर रतीब टिकणार, रतीब टिकला तर शाळा टिकणार, असा माझा सरळ हिशोब. १ जूनला पहाटे काकांनी नको नको म्हणत दोन्ही किटल्या अडकवून दिल्या. वीस लिटर दूध आणि किटल्यांचं वजन धरून पंचवीस किलोच्या घरात ओझं. सायकल अण्णांची, काळी, अंगानेच वीस किलोची. पडायची भीती वाटत होती म्हणून मी आदल्या दिवशी सीट एकदम खाली करून घेतली होती. दोन्ही पाय जमिनीला टेकले म्हणजे झालं, ही माझी अक्कल!

सपाटीवर काही वाटलं नाही बघा. उलट मजाच वाटली. एवढं काय घाबरायचं, असं मनात आलं. आणि मग खिंड लागली.

पहिल्या वळणावर मांड्या भरून आल्या. दुसऱ्या वळणावर मी सीटवरून उठून उभ्याने पायडल मारायला लागले. सगळं वजन मागे, त्यामुळे पुढचं चाक हलकं होऊन हँडल डावी-उजवीकडे डुलायला लागलं. उजवा गुडघा कच्चकन दुखला. सायकल कधी आडवी झाली ते कळलंच नाही. किटल्यांची झाकणं निघाली. वीस लिटर दूध मुरमाच्या रस्त्यावरून ओघळत चाललं होतं आणि मी गुडघा धरून बसले होते. कुठून तरी दोन कुत्री आली आणि निवांत दूध चाटायला लागली. त्यांची तेवढी दिवाळी झाली.

घरी कुणी रागावलं नाही. आईने हळद लावली. तेच जास्त लागलं. सोळा घरं त्या दिवशी बिनदुधाची राहिली आणि दुसऱ्या दिवशी त्यातली काही दुसऱ्या गवळ्याकडे गेली. माझा गुडघा सुजला. आठ दिवस घरात. काकांनी पुन्हा काही म्हटलं नाही, पण त्यांच्या न बोलण्यातही 'पुढच्या वर्षी बघू' ऐकू यायचं.

गुडघ्याची सूज उतरली तशी मी सायकल घेऊन गावातल्या सायकल दुकानात गेले. हँडल वाकडं झालं होतं ना! दुकान म्हणजे काय, एक पत्र्याचं शेड, पंक्चर बघायची पाण्याची घमेली आणि तात्या. तात्यांनी हँडल सरळ केलं. मग सीटकडे बघून म्हणाले, "ही कुणी खाली केली?"

"मीच."

"म्हणून गुडघा गेला. बस वर. पायडल खाली जाऊ दे. टाच ठेव त्याच्यावर. आता पाय सरळ व्हायला हवा."

माझा पाय चांगलाच दुमडलेला राहत होता. तात्यांनी पान्याने नट सैल केला, सीट चार बोटं वर घेतली. आता टाच ठेवली की पाय सरळ होई, आणि चालवताना पंजा ठेवला की गुडघ्यात थोडासाच बाक राही. "सीट खाली असली की सगळा जोर गुडघ्यावर येतो," तात्या म्हणाले. "मांडीला काम करू दे की. ती कशाला दिलीय देवानं?"

मग मी त्यांना सगळी हकिगत सांगितली. सांगता सांगता रडूच आलं. तात्यांनी ते दिसलंच नाही असं केलं आणि चाक फिरवत विचारलं, "किटल्या फुटल्या का गं?"

"नाही. चेपल्यात फक्त."

"मग त्यात पाणी भर. दूध न्हवं, पाणी. आज रिकाम्या किटल्या घेऊन खिंड चढ. दोन दिवसांनी एकेक लिटर पाणी दोन्हीकडं. वर गेलीस की वतून दे आन रिकामी उतर. आन चढवंना झालं, तर तिथंच वत. पाण्याला पैसा पडत न्हाई."

बालमित्रांनो, आज मी शिक्षिका आहे, चार पुस्तकं वाचली आहेत. पण इतका सोपा आणि इतका शहाणपणाचा व्यायाम मला पुढे कुठल्याच पुस्तकात सापडला नाही. विचार करा ना. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. त्यामुळे वजन किती वाढवलं ते तराजूशिवाय कळतं. दोन्ही बाजूंना सारखं भरलं की तोल जात नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, उतारावर ओझं नाही! चढावर वजन आपल्याला मागे खेचतं, पण उतारावर तेच वजन आपल्याला पुढे ढकलतं आणि ब्रेक लागता लागत नाही. पाणी वरच ओतून दिलं की तो धोकाच संपला.

मी दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळी खिंड चढायला लागले. पहिल्या दिवशी रिकाम्या किटल्या होत्या, तरी शेवटच्या वळणावर उतरून ढकलत न्यावी लागली. अण्णा म्हणाले, "ढकलण्यात कसली लाज? बैलसुद्धा चढाला थांबतो." शाळा सुरू होईपर्यंत दोन्ही किटल्यांत मिळून पाच लिटर पाणी घेऊन मी न उतरता वर पोचत होते.

मग अण्णांनी आणि मी मिळून ठरवलं. शाळेच्या पहिल्या दिवसापासून पाच लिटर दूध न्यायचं. उरलेलं गावातल्या डेअरीला. आणि दर सोमवारी एक लिटर वाढवायचं. एकच. दोन्ही किटल्यांत अर्धा-अर्धा. आता दूध काही खिंडीत ओतून देता येत नव्हतं. म्हणून भरल्या किटल्या घेऊन मी उतार चालत उतरायचे, सायकल हाताने धरून. त्यासाठी घरून दहा मिनिटं आधी निघायचं.

वाईत जुन्या गिऱ्हाइकांना जाऊन सांगितलं. एका आजींनी विचारलं, "आमच्याकडे कधी येणार तू?" मी बोटांवर मोजून म्हटलं, "आजी, तुमचा नंबर दसऱ्याला." त्या हसल्या. पण त्यांनी दुसरा गवळी लावला नाही हो! दसऱ्यापर्यंत पिशवीतलं दूध आणत राहिल्या.

पावसाळ्यात एक आठवडा ताप आला. तेव्हा दोन लिटर मागे आले आणि पुन्हा वर चढले. पश्चिमेचा वारा असा असायचा की संध्याकाळी घरी परतताना रिकामी सायकलसुद्धा पुढे सरकायची नाही. मी वाऱ्यावर चिडायचे. तात्या म्हणाले, "चिडतीस कशाला? तो फुकटचा मास्तर हाय. सकाळी दूध शिकवतं, संध्याकाळी वारं."

दसऱ्याच्या सकाळी सायकलला झेंडूचा हार घातला आणि वीस लिटर दूध घेऊन मी निघाले. पहिलं वळण, दुसरं वळण. जिथे दूध सांडलं होतं ती जागा. तिथे मी खाली पाहिलंच नाही. सीटवर बसून, न उठता, एका लयीत पाय मारत राहिले. धाप लागली होती, पण गुडघा गप्प होता. वर पोचले तेव्हा उजाडत होतं. आनंदाने ओरडावंसं वाटलं, पण ऐकायला होतं कोण? मग सायकलच्या हँडलवरच थाप मारली आणि उतार चालत उतरायला लागले.

आजींनी त्या दिवशी भांडं पुढे करताना माझ्या हातावर आपट्याचं पान ठेवलं.

हे असं दहावीपर्यंत चाललं. अण्णा बरे झाले, पण पुन्हा किटल्या घेऊन सायकलवर बसू शकले नाहीत. त्या दुधाच्या पैशातून दहावी झाली, बारावी झाली आणि पुढे डी. एड. लासुद्धा तेच पैसे कामी आले. काका एकदा म्हणाले, "पोरगी काटक निघाली." निघाली कसली! सोमवारा-सोमवाराने झाली.

आता तुम्ही विचाराल, बाई, हे झालं कसं? पाय आपोआप मजबूत झाले का? चला, थोडं विज्ञान बघू.

आपण सायकल चालवतो तेव्हा आपल्याला अडवणारे मुख्यतः तिघं असतात. पहिलं वारं. दुसरं टायर आणि रस्ता यांचं घासणं. तिसरा चढ. सपाट रस्त्यावर वजन थोडं वाढलं तर फारसं जाणवत नाही, म्हणूनच तर मी पहिल्या दिवशी सपाटीवर फसले! सपाटीवर खरा विरोध हवेचा. आणि हवा मोठी लबाड आहे. तुमचा वेग दुप्पट झाला तर वारं नसतानासुद्धा हवेचा विरोध दुप्पट होत नाही, चौपट होतो. विश्वास बसत नसेल तर एकदा सावकाश आणि एकदा जोरात चालवून बघा. गालावरच कळेल.

चढावर मात्र वजनाचं राज्य. चढणं म्हणजे स्वतःला, सायकलला आणि ओझ्याला उंच उचलणं. आमची खिंड साठेक मीटर उंच असेल. म्हणजे एक मजला तीन मीटरचा धरला तर वीस मजली इमारत. मी पस्तीस किलोची, सायकल वीस किलोची, झाले पंचावन्न किलो. त्यात दहा किलो वाढले, म्हणजे दहा किलोचा डबा उचलून विसाव्या मजल्यावर नेण्याइतकं काम वाढलं. आणि मी पहिल्याच दिवशी एकदम पंचवीस किलो वाढवले होते! मग गुडघा ओरडणार नाही तर काय करील?

हळूहळू वाढवलेला विरोध मात्र शरीराला आवडतो. रोजच्यापेक्षा थोडं जास्त काम पडलं की शरीर म्हणतं, 'अरे, हे पुन्हा करावं लागेल वाटतं, तयारी करून ठेवू.' ही तयारी व्यायाम करताना होत नाही, नंतर होते. विश्रांतीत, झोपेत आणि वरणभात, भाकरी, शेंगदाणे, दूध, उसळी पोटात गेल्यावर. तुमच्या वयात सुरुवातीला स्नायू फुगलेले दिसणार नाहीत, म्हणून आरशात बघून हिरमुसू नका. आधी मेंदू आणि मज्जातंतू शिकतात. स्नायूंमधले जास्तीत जास्त तंतू एकाच वेळी कसे कामाला लावायचे, हे त्यांना जमायला लागतं. म्हणून पाय तेवढाच बारीक दिसतो, पण चढ सोपा वाटतो. माझे पाय दसऱ्यालाही काडीच होते. पण कशी काडी? वीस लिटरची!

ही युक्ती फार जुनी आहे. दक्षिण इटलीतल्या क्रोटोन या ग्रीक नगरात सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी मायलो नावाचा मल्ल होऊन गेला. प्राचीन ऑलिम्पिकमध्ये तो सहा वेळा कुस्ती जिंकला. त्याच्याबद्दल अशी दंतकथा सांगतात की त्याने एक नवजात वासरू रोज खांद्यावर उचलायला सुरुवात केली. वासरू दररोज थोडं थोडं वाढत गेलं, त्याची ताकदही वाढत गेली आणि शेवटी तो पूर्ण वाढलेला बैल खांद्यावर घेऊन चालला. दंतकथा ती दंतकथाच. पण तिच्यातलं शहाणपण खोटं नाही. बैल उचलायचा असेल तर वासरापासून सुरुवात करा!

आपल्याकडे मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट सगळ्यात आधी चढणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणतात. आणि २०१५ मध्ये नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या दोघा भावांनी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंतची, सुमारे ४८०० किलोमीटरची सायकल शर्यत जोडीने पूर्ण केली. २०१७ मध्ये तीच शर्यत नागपूरचे डॉ. अमित समर्थ आणि लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुलनाथ यांनी एकेकट्याने पूर्ण केली. असं काही एका आठवड्यात साधत नाही. वर्षानुवर्षं, थोडं थोडं करूनच तिथवर पोचता येतं.

तर मग तुम्ही काय करायचं?

आधी महिनाभर बिनओझ्याची सायकल नेमाने चालवा. सीट तात्यांच्या पद्धतीने लावून घ्या. मग एखादा छोटा चढ शोधा, वाहनांची वर्दळ नसलेला. तो बसल्या जागेवरून, न उठता चढा. आठवड्यातून दोनच दिवस हा जोराचा व्यायाम, मध्ये एक-दोन दिवस सोडून. बाकीचे दिवस मजेत फिरा. चढताना धाप लागली तरी दोन-चार शब्द बोलता आले पाहिजेत. बोलताच येत नसेल तर जोर जास्त होतोय असं समजा.

चढ सोपा वाटायला लागला की मगच विरोध वाढवा. गिअरची सायकल असेल तर मागचा एक गिअर जड करा, एकच. साधी सायकल असेल तर दोन्ही बाजूंना पाण्याची एकेक बाटली घट्ट बांधा. २०२० च्या राष्ट्रीय दप्तर धोरणात म्हटलंय, दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त असू नये. आपणही तोच आकडा कमाल धरू. म्हणजे तीस किलोच्या मुलाने फार तर तीन किलो, आणि तेही हळूहळू वाढवत. वर पोचलात की पाणी ओता, रिकामे उतरा. जुन्या सायकलला घासणारा डायनॅमो असेल तर तो लावून चालवा, विरोधही मिळेल आणि दिवाही लागेल! आणि समोरून वारं आलं तर मान खाली घालून म्हणा, या मास्तर.

आता काय करायचं नाही, तेही सांगते. ब्रेक आवळून सायकल जड करू नका. ब्रेकचे रबर झिजतात आणि खरी वेळ येते तेव्हा ब्रेक लागतच नाही. टायरमधली हवा कमी करू नका, ट्यूब चिमटून पंक्चर होते आणि वळणावर चाक घसरतं. हँडलला पिशव्या अडकवू नका. विटा-दगड बांधू नका, ते सुटून मागच्याच्या अंगावर पडतात. आणि चढावर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला धरून जायचं तर मनातही आणू नका. डोक्यावर हेल्मेट हवंच.

आईबाबांना एक सांगणं. दहा ते पंधरा या वयात हाडं वाढत असतात. गुडघ्याच्या वाटीखाली जिथे स्नायूची दोरी हाडाला जोडलेली असते, ती जागा या वयात नाजूक असते. तिथे दुखत असेल तर 'चालवून चालवून जाईल' असं म्हणू नका. ओझं बंद, विश्रांती आणि तरीही दुखत राहिलं तर डॉक्टर. पाय भरून येणं वेगळं आणि सांधा दुखणं वेगळं. भरून आलेले पाय एक-दोन दिवसांत मोकळे होतात. आणि दुसरं, मूल थकून आलं तर 'एवढ्यात दमलास?' असं विचारू नका. माझ्या अण्णांनी मला एकदाही तसं विचारलं नाही.

आणखी एक गोष्ट मला कबूल करायची आहे. लोक कौतुकाने म्हणतात, "बाई, त्या दुधाने तुम्हाला घडवलं." असेल. पण तेरा वर्षांच्या मुलीने वीस लिटर दूध वाहून शाळा मिळवावी, हे काही चांगलं नव्हे. माझ्या वर्गातल्या सात जणींना तर ती संधीही मिळाली नाही. त्यांच्यातली एक माझ्याहून कितीतरी काटक होती. म्हणून माझ्या वर्गातल्या कुठल्याही मुलीच्या घरी 'पुढच्या वर्षी बघू' ऐकू आलं की मी संध्याकाळी त्या घरी चहाला जाते आणि उठायचं नाव घेत नाही! माझं ओझं गरजेचं होतं. तुमचं हौसेचं असू द्या.

आणि आमच्या विटावाल्या मित्राचं काय झालं?

त्याने विटा सोडल्या. आम्ही दोघांनी मिळून त्याची सीट लावली. तो आता शाळेमागच्या टेकाडावर आठवड्यातून दोनदा चढतो, वडिलांबरोबर. पहिले तीन आठवडे रिकामा. आता दोन्ही बाजूंना अर्ध्या अर्ध्या लिटरची एकेक बाटली. वहीत तारीख, वार आणि पाणी लिहून ठेवतो. खो-खोच्या संघात अजून घेतलेलं नाही. पण परवा तो म्हणाला, "बाई, पाणी उगाच ओतून द्यायचं जिवावर येतं." मग टेकाडावर वन विभागाने लावलेलं एक कडुलिंबाचं रोप त्याने शोधून काढलं. पाणी आता तिथे जातं.

पुढच्या आठवड्यापासून रोपाला थोडं जास्त पाणी मिळणार आहे.

तुमच्याच,
बाई